गृहशास्त्र आणि अनेक मातांचें बालक

गृहकृत्य हें महाविद्यालयांत शिकावयाचें शास्त्र आहे काय, असा प्रश्न आपल्या घरांतून अद्यापि निघतो. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत १९१९ सालीं गृहशास्त्राच्या विद्यार्थिनींसाठीं एक अभ्यासगृह सुरू झालें. अध्यापिकेसह कांहीं मुली तेथें एकत्र राहत आणि स्वयंपाक, हिशेब, स्वच्छता हीं कामें आळीपाळीनें करीत. १९२० पासून तेथें एक तान्हें मूलही अनाथ बालकांच्या संस्थेकडून आणलें जाऊं लागलें. त्याचें दूध, निद्रा, वजन यांची काटेकोर नोंद होई. पहिल्या बालकाचें नांव डिकी डोमेकॉन. आडनांव म्हणजे त्या शास्त्राच्याच नांवाचा संक्षेप! पुढें हीं बालकें दत्तक जात, व शिस्तींत वाढलेलीं म्हणून त्यांना मागणीही असे.

परंतु माता मात्र वरचेवर बदले. बालकास ओळखीची एक कूस लागते, हा विचार कालांतरानें बळावला. १९६९ सालीं ही प्रथा संपली. आपल्या एकत्र कुटुंबांतही मूल अनेक हातांवर वाढतें; पण ते हात उद्यांही तेथेंच असतात. शास्त्र मुलींनीं अवश्य शिकावें. मात्र मूल हें अभ्यासाचें साधन नव्हे, हें शास्त्रानेंही विसरूं नये.