संगणक अडला, तर आधी कोठे पाहावे?

खानदेशातील शेतकऱ्याच्या घरी संगणक किंवा स्मार्टफोन ही आता केवळ हौसेची वस्तू राहिलेली नाही. सातबाराचा उतारा, पीक विम्याचा अर्ज, महाडीबीटीवरील ठिबक संचाच्या अनुदानाची मागणी, पीएम किसानच्या हप्त्याची चौकशी, ही कामे आज बहुतांशी या यंत्रांवरूनच होतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि आपल्या शेतातील पिकाची नोंद मोबाईलवरून स्वतः करण्याचे काम शेतकऱ्याकडे आले. ऐन पेरणीत पाभरीचा फण मोडावा आणि वापसा निघून जावा, तसेच मुदतीच्या दिवशी यंत्र अडले म्हणजे होते. रावेर-यावलचा केळी बागायतदार असो की शिंदखेड्याचा कापूस उत्पादक, वेळेवर न गेलेल्या अर्जाचे नुकसान त्याला वर्षभर सोसावे लागते.

अशा वेळी पुष्कळजण काम टाकून तालुक्याच्या गावी धाव घेतात. त्यात दिवस मोडतो, प्रवासाला व दुरुस्तीला पैसे लागतात, आणि पुष्कळदा अनोळखी माणसाच्या हाती फोन व ओटीपी द्यावा लागतो. वास्तविक घरगुती संगणकाचे अनेक बिघाड असे असतात की, घरातील शाळकरी मुलगी किंवा मुलगाही ते शोधू शकेल. त्यासाठी यंत्र उघडण्याची गरज नसते. बिघाड कोठे आहे हे क्रमाने पाहण्याची सवय मात्र हवी.

शोधाची रीत

ही सवय खानदेशाला नवी नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धतीने शेकडो वर्षे पाणी वाटले गेले. शेवटच्या वाफ्यात पाणी पोचले नाही, तर पाटकरी वाफा उकरीत बसत नसे. बंधाऱ्यापासून पाटाच्या कडेने तो चालत येई आणि पाणी कोठपर्यंत आले व कोठे अडले हे पाही. संगणकाच्या बाबतीत हीच रीत ठेवावी. येथेही पाच टप्पे आहेत: वीज, यंत्र, इंटरनेटची जोडणी, पलीकडचे संकेतस्थळ आणि शेवटी आपली ओळख पटविणारा ओटीपी. पहिला टप्पा ठीक असल्याची खात्री झाल्याखेरीज दुसऱ्याकडे वळू नये. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि फरक पडला का ते पाहावे. चार गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कशात होता हे कळत नाही आणि तोच बिघाड पुन्हा आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

पहिला टप्पा : वीज

संगणक मुळीच सुरू होत नसेल, तर प्रथम त्याच सॉकेटला दिवा किंवा मोबाईलचा चार्जर लावून पाहावा. तो चालला नाही तर दोष संगणकाचा नव्हे. चालला, तर जोडपट्टीचे बटण, संगणकाच्या मागील वायर आणि पडद्याची स्वतंत्र वायर दाबून घट्ट बसवावी. पडद्याला स्वतःचे बटण असते. ते बंद राहिल्याने चालू संगणक बिघडलेला समजला गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत. लॅपटॉप असल्यास चार्जर काढावा, सुरू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, नंतर चार्जर लावून पुन्हा सुरू करावा.

आपल्या घरी येणाऱ्या विजेचा दाब २३० व्होल्टच्या आसपास असावा लागतो. तो वारंवार खाली-वर होत असेल तर संगणकासाठी यूपीएस वापरणे इष्ट होय. काम चालू असता वीज गेली तरी भरलेला अर्ज जतन करून यंत्र रीतसर बंद करण्यास त्यामुळे काही मिनिटे मिळतात. घरातील अर्थिंग योग्य आहे की नाही हे जाणकार वीजतंत्र्याकडून पाहून घ्यावे. मृगाच्या सुमारास विजा कडाडू लागल्या की, केवळ बटण बंद करून न थांबता संगणकाचा व राउटरचा प्लगच काढून ठेवावा. मात्र संगणकाच्या आतील वीजपुरवठ्याचा डबा कोणीही घरी उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यात घातक विद्युत्‌भार काही काळ शिल्लक राहू शकतो.

दुसरा टप्पा : यंत्र

यंत्र सुरू होते पण अडखळते, असे असल्यास ते एकदा रीतसर बंद करून पुन्हा सुरू करावे. हा उपाय साधा असला तरी वरवरचा नाही. दीर्घकाळ चालू असलेल्या संगणकाच्या स्मृतीत अनेक अर्धवट कामे साचून राहतात. पुन्हा सुरू केल्याने ती निघून जातात. त्यानंतरही गती मंद असेल, तर साठवणुकीची जागा भरली आहे का ते पाहावे. फोनच्या बाबतीत हा दोष विशेष आढळतो. लग्नकार्याच्या चित्रफिती व शुभेच्छांची चित्रे यांनी फोन भरून गेला की पिकाचे छायाचित्र साठवण्यासही जागा उरत नाही.

खानदेशात उष्णतेचाही विचार करावयास हवा. मे महिन्यात जळगावचा पारा अनेक वर्षी ४५ अंश सेल्सियसच्या पुढे जातो. संगणकाच्या आतील पंखा व हवेच्या जाळ्या धुळीने किंवा कापसाच्या तंतूंनी बुजल्या की यंत्र तापते, मंद होते आणि अखेर आपोआप बंद पडते. यंत्र बंद करून, प्लग काढून, बाहेरील जाळ्या मऊ कोरड्या ब्रशाने महिन्यातून एकदा साफ कराव्यात. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरू नये. तापलेला फोन चार्ज होत नसेल तर तो बिघडला असे न समजता सावलीत थंड होऊ द्यावा. बर्फावर किंवा फ्रिजमध्ये मात्र ठेवू नये, कारण त्यामुळे आत दमट पाणी धरते.

आणखी एक दोष सहसा लक्षात येत नाही. संगणकाच्या आत घड्याळ चालू ठेवणारा नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल असतो. तो संपला की, वीज गेल्यावर संगणकाची तारीख कित्येक वर्षे मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळाचे प्रमाणपत्र विशिष्ट मुदतीसाठीच ग्राह्य असते. संगणक ती मुदत आपल्या चुकीच्या तारखेशी ताडून पाहतो आणि 'ही जोडणी सुरक्षित नाही' असा इशारा देऊन पान उघडण्यास नकार देतो. अनेक संकेतस्थळांवर असाच इशारा येऊ लागला, तर प्रथम पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख व वर्ष पाहावे. दिनांक दुरुस्त केला की पाने उघडतात. तो पुन्हा पुन्हा चुकू लागला तर सेल बदलून घ्यावा. त्याला खर्च अल्प येतो.

तिसरा टप्पा : इंटरनेटची जोडणी

येथे दोन प्रश्न विचारावेत. पहिला : त्याच जोडणीवर घरातील दुसरा फोन किंवा संगणक चालतो का? चालत असेल तर दोष आपल्या यंत्रात आहे. वाय-फाय बंद करून पुन्हा सुरू करावे आणि परवलीचा शब्द बरोबर घातला आहे का ते पाहावे. दुसरा प्रश्न : कोणतेही संकेतस्थळ उघडत नाही, की एकच? कोणतेच उघडत नसेल आणि दुसरे यंत्रही चालत नसेल, तर दोष जोडणीत आहे.

राउटर असल्यास त्याचा प्लग काढून अर्धा मिनिट थांबावे, पुन्हा लावावा आणि सर्व दिवे स्थिर होईपर्यंत दोन-चार मिनिटे वाट पाहावी. घरी ऑप्टिकल फायबरची जोडणी असेल, तर त्या डब्यावर 'एलओएस' नावाचा दिवा असतो. तो तांबडा लागला किंवा लुकलुकू लागला, तर काचेच्या तंतूतून येणारा प्रकाश घरापर्यंत पोचत नाही असे समजावे. तंतू कोठेतरी तुटला, मुडपला किंवा जोडणीतून निसटला असतो. अशा वेळी यंत्र वारंवार बंद-चालू करण्यात अर्थ नाही. सेवा देणाऱ्या कंपनीकडेच तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवावा. तुटलेल्या तंतूच्या टोकाकडे डोळा लावून पाहू नये. ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटचे फायबर आलेले असल्यास रस्त्याच्या कडेला चर किंवा पाइपलाइनसाठी खड्डे खणण्यापूर्वी पंचायतीत विचारणे सर्वांच्या हिताचे आहे. एका कुदळीच्या घावाने सगळ्या कार्यालयाचे काम ठप्प होऊ शकते.

मोबाईलचे इंटरनेट वापरणाऱ्यांनी दिवसाचा डेटा संपला आहे का ते पाहावे. तो संपल्यावर जोडणी दिसते, पण गती इतकी उतरते की अर्जाचे पान उघडत नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत व ओढ्याकाठच्या शिवारात पुष्कळदा नेटवर्कच नसते. ई-पीक पाहणीत अशा वेळी माहिती व छायाचित्र शेतात घेऊन, नेटवर्कच्या जागी आल्यावर ते अपलोड करता येते. मात्र अपलोड झाल्याखेरीज नोंद पूर्ण झाली असे मुळीच समजू नये. शेतात स्थान दाखवण्याची सोय सुरू ठेवावी आणि झाडाखाली न थांबता उघड्या आभाळाखाली थोडा वेळ उभे राहावे. उपग्रहांकडून येणारे संकेत तेथे अधिक चांगले मिळतात.

चौथा टप्पा : पलीकडचे संकेतस्थळ

इतर सर्व पाने उघडतात आणि शासनाचे एकच पान उघडत नाही, अशी स्थिती असेल तर आपले यंत्र निर्दोष आहे. मुदतीच्या अखेरच्या दिवशी सर्वजण एकाच वेळी अर्ज करू लागले की सर्व्हरवर भार पडतो. एकाच दारातून सारा बाजार आत शिरू पाहावा, तशी गत होते. पहाटे किंवा रात्री उशिरा प्रयत्न करावा. दुसरा ब्राउझर वापरून पाहावा. अर्ज मुदतीच्या निदान आठवडाभर आधी भरणे हाच यावरील खरा उपाय आहे.

पैसे भरल्यावर पावती आली नाही, तर घाईने दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत. आधी बँकेच्या खात्यातून रक्कम गेली का आणि अर्जाची स्थिती काय दाखवते ते पाहावे. कागद अपलोड होत नसल्यास त्याचा आकार व प्रकार तपासावा. संकेतस्थळाने दोनशे केबीपर्यंतचा कागद मागितला असता फोनने काढलेले कित्येक पट मोठे चित्र स्वीकारले जात नाही. ते लहान करून द्यावे. पडद्यावर मराठीऐवजी अर्थहीन अक्षरे दिसू लागली, तर तो कागद जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला असण्याचा संभव असतो. नवी टंकलेखने युनिकोडमध्येच करावीत, म्हणजे ती कोणत्याही यंत्रावर वाचता येतात.

पाचवा टप्पा : ओळख आणि ओटीपी

देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी टेंभली येथे देण्यात आले. हे गाव आज नंदुरबार जिल्ह्यात आहे. १९९८ पूर्वी हा भाग धुळे जिल्ह्यातच होता. त्या वेळी दिलेला मोबाईल क्रमांक आज पुष्कळांकडे राहिलेला नाही आणि ओटीपी न येण्याचे हे एक मोठे कारण आहे. आधारशी कोणता क्रमांक जोडला आहे याची खात्री करावी आणि तो बंद झाला असल्यास आधार केंद्रावर बदलून घ्यावा. हे काम हंगाम सुरू होण्यापूर्वी उरकावे. रिचार्जची मुदत संपून बरेच दिवस झाल्यास संदेश येणेही थांबते, हेही ध्यानात ठेवावे. कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र ओळखत नसेल, तर निराश होऊ नये. पीएम किसानच्या ॲपमध्ये २०२३ सालापासून चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय आहे.

बांधावरचा चोर

बिघाडाने गांजलेला माणूस मदतीच्या शब्दाला भुलतो, आणि भामटे नेमकी हीच वेळ साधतात. 'तुमचा हप्ता अडकला आहे', 'तुमचा संगणक दूषित झाला आहे' असे सांगणारा फोन आला तर तो बंद करावा. आपला पडदा दुरून पाहू देणारे ॲप कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नये. योजनेच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेली 'एपीके' फाइल उघडू नये. तिच्यातून फोनमधील संदेश व ओटीपी चोराच्या हाती जाऊ शकतात. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही घालावा लागत नाही. फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसता त्याच घटकेला १९३० या क्रमांकावर व आपल्या बँकेत कळवावे. तक्रार जितक्या लवकर होईल, तितका पैसा वाटेत अडविला जाण्याचा संभव अधिक.

जुन्या संगणकाविषयीही सावध असावे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार संपला. असा संगणक चालू राहतो, परंतु सुरक्षेच्या सुधारणा त्याला आपोआप मिळत राहतील असे गृहीत धरता येत नाही. त्यावर बँकेचे व्यवहार करण्यापूर्वी जाणकाराचा सल्ला घ्यावा.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांस सूचना

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अर्ज भरून देण्याबरोबरच बिघाड शोधण्याची ही रीत गावात रुजवावी. प्रत्येक वस्तीत शाळा-महाविद्यालयांत जाणारी दोन-तीन मुले-मुली निवडून त्यांना हे पाच टप्पे प्रत्यक्ष करून दाखवावेत. राउटरवरील दिव्यांचा अर्थ आणि सेवा कंपनीचा तक्रार क्रमांक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा. शेतीविषयक शंकांसाठी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा विनामूल्य क्रमांकही त्याखाली लिहावा. कोणाचाही ओटीपी किंवा परवलीचा शब्द आपल्या वहीत लिहून ठेवू नये; मालकाने तो स्वतःच्या हाताने घालावा, असा आग्रह धरावा.

शेतकरी बंधू-भगिनींनीही एक वही ठेवावी. बिघाड कोणता झाला, तो कोणत्या टप्प्यावर सापडला आणि कशाने दूर झाला, हे तारखेसह त्या वहीत नोंदवावे. दुरुस्तीसाठी माणूस बोलवावाच लागला, तरी अशी नोंद पाहून त्याचा वेळ व आपला पैसा दोन्ही वाचतील. मोटार, पंप, फवारणीचे यंत्र ही एकेकाळी आपल्याला नवीच होती. त्यांचा आवाज ऐकून दोष ओळखणारी माणसे आज गावोगावी आहेत. संगणकाचेही तसेच होईल. मात्र मुदतीच्या दिवसाची वाट न पाहता त्याचा अभ्यास आजच सुरू केला पाहिजे.