हार्डवेअर वॉलेट

हार्डवेअर वॉलेट : बिटकॉइन, ईथर इ. कूटचलनांच्या व्यवहारांसाठी लागणारी गुप्त किल्ली संगणक व मोबाइल यांपासून अलग ठेवणारे आणि त्या किल्लीने व्यवहारावर अंकीय स्वाक्षरी करणारे लहान इलेक्ट्रॉनीय उपकरण. ते बहुधा पेन ड्राइव्हच्या अथवा छोट्या गणकयंत्राच्या आकाराचे असून त्यावर एक लहान पडदा आणि एकदोन कळा किंवा स्पर्शपटल असते. वॉलेट म्हणजे पैशाचे पाकीट असा अर्थ रूढ असला, तरी या उपकरणात चलन नसते. कूटचलनाच्या सर्व नोंदी ब्लॉकचेन या जगभर पसरलेल्या सामाईक खातेवहीत असतात; उपकरणात असते ती त्या नोंदींत फेरफार करण्याचा अधिकार देणारी किल्ली. त्यामुळे उपकरण मोडले वा हरवले, तरी चलन नष्ट होत नाही. परंतु किल्ली कायमची हरवली किंवा परक्याच्या हाती पडली, तर चलन गेले असेच समजावे लागते. हार्डवेअर वॉलेट वापरण्याचे बहुतेक सर्व नियम या एका गोष्टीतून निघतात.

किल्ली व स्वाक्षरी : सार्वजनिक किल्लीच्या गुप्तलेखनाची कल्पना व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेल्मन यांनी १९७६ मध्ये मांडली. विवृत्तीय वक्रांवर आधारलेली तिची पद्धत नील कॉब्लिट्झ व व्हिक्टर मिलर यांनी १९८५ मध्ये स्वतंत्रपणे सुचविली. बिटकॉइनमध्ये हीच पद्धत वापरतात. तीत खाजगी किल्ली ही २५६ द्विमान अंकांची एक यादृच्छिक संख्या असते. अशा संख्यांची एकूण संख्या लिहावयाची झाल्यास ७८ अंक लागतात. त्यामुळे अंदाजाने किल्ली शोधणे व्यवहारतः अशक्य असते. खाजगी किल्लीपासून सार्वजनिक किल्ली व तीपासून चलन स्वीकारण्याचा पत्ता काढता येतो. उलट दिशेने मात्र जाता येत नाही. चलन दुसऱ्यास देताना व्यवहाराच्या मजकुरावर खाजगी किल्लीने स्वाक्षरी करतात व सार्वजनिक किल्लीच्या आधारे कोणासही ती पडताळता येते. जुन्या मराठी पत्रव्यवहारात मजकूर संपताच मोर्तब उमटवीत, म्हणजे पुढे कोणास ओळ वाढविता येत नसे. अंकीय स्वाक्षरीचेही तसेच आहे. रक्कम अथवा पत्ता यांतील एक अंक जरी बदलला, तरी स्वाक्षरी निरुपयोगी ठरते. तथापि मोर्तब करणाऱ्याने मजकूर न वाचताच शिक्का उठविला, तर शिक्का खरा असूनही पत्र घातक ठरू शकते. ही उणीव याही पद्धतीत आहे.

इतिहास : सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइनची योजना ३१ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झाली व खातेवहीचा पहिला खंड ३ जानेवारी २००९ रोजी तयार झाला. प्रारंभी खाजगी किल्ल्या साध्या संगणकाच्या तबकडीवरच ठेवीत. त्यामुळे चोरट्या आज्ञावलींना त्या सहज सापडत. शिवाय तबकडी गहाळ झाली, तर चलनही अडकून पडे. वेल्समधील न्यूपोर्ट येथे २०१३ मध्ये अशी एक तबकडी चुकून कचऱ्यात गेली. तीवर सुमारे ८,००० बिटकॉइनांची किल्ली असल्याचा मालकाचा दावा असून ती मिळविण्यासाठी त्याने न्यायालयातही धाव घेतली. किल्ली स्वतःजवळ न ठेवता विनिमय केंद्राकडे सोपविणे हा दुसरा मार्ग होता. परंतु टोकिओ येथील माउंट गॉक्स हे केंद्र फेब्रुवारी २०१४ मध्ये दिवाळखोरीत निघाले, तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन नाहीसे झाल्याचे उघड झाले. त्यांपैकी सुमारे दोन लाख पुढे सापडले. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे मोठे केंद्रही कोसळले. किल्ली ज्याच्याकडे, चलन त्याचे, हा धडा ग्राहकांना अशा प्रसंगांतून मिळाला.

प्राग येथील सातोशीलॅब्स या संस्थेने ट्रेझर हे उपकरण २०१४ मध्ये ग्राहकांना पुरविण्यास प्रारंभ केला. या प्रकारच्या आद्य उपकरणांत त्याची गणना होते. चेक भाषेत ट्रेझर म्हणजे तिजोरी. फ्रान्समधील लेजर या कंपनीचे नॅनो एस हे उपकरण २०१६ मध्ये आले. लेजरने बँकेच्या कार्डांत असते तशा प्रकारची सुरक्षित चकती वापरली, तर ट्रेझरने आपली आज्ञावली सर्वांस तपासता यावी म्हणून खुली ठेवली. पुढील काळात ट्रेझरच्या नव्या उपकरणांतही सुरक्षित चकती आली.

कार्यपद्धती : हार्डवेअर वॉलेटबरोबर संगणकावर किंवा मोबाइलवर एक सहायक ॲप वापरतात. ट्रेझरचे ट्रेझर सूट आणि लेजरने २०१८ मध्ये लेजर लाइव्ह या नावाने आणलेले ॲप ही याची उदाहरणे होत. दोहोंमधील श्रमविभागणी ध्यानात घेणे महत्त्वाचे आहे. ॲपजवळ केवळ सार्वजनिक किल्ल्या असतात. त्यांवरून ते पत्ते काढते, खातेवही चाळून शिल्लक दाखविते व नव्या व्यवहाराचा मसुदा तयार करते. हा मसुदा यूएसबी तार, ब्लूटूथ किंवा क्यूआर संकेत यांद्वारे उपकरणाकडे जातो. उपकरण आपल्या पडद्यावर घेणाऱ्याचा पत्ता, रक्कम व शुल्क दाखविते. मालकाने कळ दाबून संमती दिल्यावर उपकरणाच्या आतच स्वाक्षरी होते व केवळ स्वाक्षरी झालेला व्यवहार ॲपकडे परत येतो. ॲप तो जाळ्यात प्रसृत करते. या सर्व प्रवासात खाजगी किल्ली उपकरणाबाहेर येत नाही.

संगणक आधीच दूषित झालेला आहे असे गृहीत धरून ही रचना केलेली असते. काही चोरट्या आज्ञावली नकललेला पत्ता चिकटविताना तो बदलून चोराचा पत्ता घालतात. अशा वेळी ॲपमध्ये काहीही दिसत असले, तरी उपकरणाच्या पडद्यावर जो पत्ता दिसतो, त्यावरच स्वाक्षरी होणार असते. म्हणून पत्ता मूळ स्रोताशी अक्षरशः ताडून पाहावा लागतो. चलन स्वीकारतानाही ॲपने दाखविलेला पत्ता उपकरणावर पडताळल्याशिवाय दुसऱ्यास कळवू नये. विस्तारित सार्वजनिक किल्ली कोणास दिल्यास त्याला चलन काढता येत नाही. मात्र सर्व पत्ते व शिल्लक दिसू शकते. यास्तव तीही खाजगी ठेवणे इष्ट असते.

पुनःप्राप्तीची शब्दमाला : उपकरण प्रथम सुरू करताना ते स्वतः एक यादृच्छिक संख्या निर्माण करते व ती बहुधा १२ किंवा २४ शब्दांच्या रूपात पडद्यावर दाखविते. ही रीत २०१३ च्या बीआयपी-३९ या मानकाने रूढ केली. मानकातील यादीत २,०४८ शब्द असतात. म्हणजे प्रत्येक शब्द ११ द्विमान अंकांचे काम करतो. बारा शब्दांच्या १३२ अंकांपैकी १२८ यादृच्छिक व ४ तपासणीचे, तर चोवीस शब्दांच्या २६४ अंकांपैकी २५६ यादृच्छिक व ८ तपासणीचे असतात. त्यामुळे लिहिताना झालेली चूक बहुधा लक्षात येते. या एकाच शब्दमालेतून ठराविक रीतीने असंख्य किल्ल्या काढता येतात. म्हणून उपकरण नष्ट झाले, तरी तेच मानक पाळणाऱ्या दुसऱ्या उपकरणात शब्द क्रमाने भरले असता सर्व खाती परत मिळतात. मानकातील याद्यांत इंग्रजी, जपानी, स्पॅनिश, फ्रेंच इ. भाषा आहेत; मराठी वा हिंदी नाही. इंग्रजी यादीतील प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो. म्हणून शब्द रोमन लिपीतच, सुवाच्य व क्रमांकासह लिहावेत. देवनागरीत उतरविल्यास पुढे वर्णलेखनाचा घोटाळा होण्याचा संभव असतो.

शब्दमाला म्हणजेच किल्ली होय. तिचे छायाचित्र घेणे, ती ईमेलमध्ये वा संगणकावर लिहून ठेवणे म्हणजे उपकरण विकत घेण्याचा हेतूच विफल करणे होय. ती कागदावर किंवा आग व पाणी यांस टिकणाऱ्या पोलादी पट्टीवर लिहून उपकरणापासून दूर ठेवतात. ती उपकरणातच भरावयाची असते. ॲपमध्ये, संकेतस्थळावर किंवा दूरध्वनीवर ती मागणारा इसम वा संदेश फसवा समजावा. आधीच छापलेल्या शब्दांसह आलेले उपकरण वापरू नये, कारण ते शब्द दुसऱ्या कोणास माहीत असतात. मोठी रक्कम ठेवण्यापूर्वी अल्प रक्कम पाठवून, उपकरण पुसून व शब्दांवरून खाते परत उभे करून पाहणे ही सर्वांत खात्रीची चाचणी होय.

उपकरणास पिन असतो; लेजरच्या उपकरणांत तो लागोपाठ तीनदा चुकल्यास आतील किल्ल्या पुसल्या जातात. शब्दमालेस जोडून स्वतःचा एक परवलीचा शब्दही ठेवता येतो. त्यामुळे शब्दमाला चोरीस गेली, तरी चोरास मूळ खाते मिळत नाही. मात्र चुकीचा परवलीचा शब्द दिल्यास चूक दाखविली जात नाही, तर दुसरेच रिकामे खाते उघडते. आणि शब्द विसरल्यास तो सांगणारा कोणी नसतो.

मर्यादा : हे उपकरण दूरस्थ चोरीपासून किल्लीचे रक्षण करते; मालकाच्या संमतीने होणाऱ्या फसवणुकीपासून नाही. ईथरियमवरील करारांचे व्यवहार पुष्कळदा गुंतागुंतीचे असून उपकरणाच्या लहान पडद्यावर ते वाचनीय रूपात येत नाहीत. तरीही संमती देणे यास अंध स्वाक्षरी म्हणतात. मुंबईशी संबंधित वझीरएक्स या विनिमय केंद्रातून १८ जुलै २०२४ रोजी सुमारे २३ कोटी अमेरिकी डॉलर किमतीचे कूटचलन चोरीस गेले. तेथील खात्यास अनेक स्वाक्षऱ्यांची आवश्यकता होती व स्वाक्षरीसाठी हार्डवेअर वॉलेट वापरात होती. पडद्यावर दिसलेला मजकूर व प्रत्यक्ष स्वाक्षरी झालेला मजकूर यांत तफावत होती, असे केंद्राने जाहीर केले. दोष कोणाच्या यंत्रणेत होता, यावर केंद्र व त्याचा सेवापुरवठादार यांचे मतभेद झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या केंद्रातून सुमारे दीड अब्ज डॉलरचे ईथर याच धर्तीवर गेले. तेथे संगणकावरील दर्शनी पृष्ठात फेरफार करून स्वाक्षरी करणाऱ्यांना नेहमीचाच व्यवहार दाखविण्यात आला होता. दोन्ही प्रसंगी किल्ल्या चोरीस गेल्या नव्हत्या; चुकीच्या मजकुरावर खरी मोहोर उठली होती.

दुसरा धोका मालकाच्या ओळखीचा आहे. लेजरच्या ग्राहकांची नावे व टपालाचे पत्ते २०२० मध्ये बाहेर फुटल्यावर त्यांना बनावट पत्रे, संदेश आणि बनावट उपकरणेही पाठविण्यात आली. जानेवारी २०२५ मध्ये फ्रान्समध्ये याच कंपनीच्या एका सहसंस्थापकाचे खंडणीसाठी अपहरण झाले. आपल्याजवळील संचयाची वाच्यता न करणे, हा जुना नियम येथेही लागू पडतो.

भारतातील स्थिती : रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना कूटचलनविषयक सेवा देण्यास केलेली मनाई सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द ठरविली. तथापि कूटचलन हे भारतात वैध चलन नाही. २०२२ च्या वित्त अधिनियमाने त्यावरील लाभास ३० टक्के कर लागू केला व त्यातील तोटा इतर उत्पन्नातून वजा करण्यास मज्जाव केला. चलन स्वतःच्या उपकरणात ठेवल्याने ही जबाबदारी टळत नाही. उलट खरेदीच्या किमती व तारखा यांच्या नोंदी मालकालाच जपाव्या लागतात.

वारसाहक्क हा या व्यवस्थेतील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. बँकेतील ठेवीचा खातेदार मृत्यू पावल्यास नामनिर्देशित व्यक्ती किंवा वारस कागदपत्रे सादर करून रक्कम मिळवू शकतो. कूटचलनाच्या बाबतीत अर्ज करावा असे कार्यालयच नाही; वारसाचा हक्क न्यायालयाने मान्य केला, तरी किल्लीवाचून तो अमलात येत नाही. म्हणून उपकरण कोठे आहे, शब्दमाला कोठे ठेवली आहे व ती कशी वापरावी, याची माहिती विश्वासू व्यक्तीस मिळेल अशी तजवीज मालकाने हयातीतच करावी लागते. आदि शमीर यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या रीतीने गुपिताचे अनेक भाग करून, त्यांपैकी ठराविक भाग एकत्र आल्यावरच ते उलगडेल, असेही करता येते व काही उपकरणांत ही सोय आहे. असे भाग निरनिराळ्या ठिकाणी ठेवल्यास एका भागाच्या चोरीने चलन जात नाही आणि एका भागाच्या नाशाने ते अडकूनही पडत नाही.