नोकरी सांभाळून नेटवर्क डिझाइनची परीक्षा: इथे कमांड नाही, कारण विचारतात

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी हे आजच्या भागाचं लिखित रूप. विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय: "ताई, शिफ्टची नोकरी करून नेटवर्क डिझाइनचं सर्टिफिकेशन जमतं का?"

जमतं. मी मुलुंडला राहते, नोकरी अंधेरी पूर्वेला. नेटवर्क मॉनिटरिंगचं काम, तीन शिफ्ट आळीपाळीने. ही परीक्षा मी याच नोकरीत असताना दिली आणि पास झाले. पण "पहाटे चारला उठा, मेहनत करा" असलं काही मी सांगणार नाहीये. रात्रपाळीवरून सकाळी सातला घरी पोचणाऱ्या माणसाला चारला उठा म्हणणं म्हणजे चेष्टाच. आज बोलूया ते ही परीक्षा नेमकं काय मागते आणि ते नोकरीतूनच कसं मिळतं यावर.

आधी परीक्षेचं गणित

सिस्कोची उदाहरणं घेते, कारण आपल्याकडे बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. पूर्वी डिझाइनसाठी सीसीडीए आणि सीसीडीपी अशी वेगळी सर्टिफिकेट्स होती. फेब्रुवारी २०२० मध्ये ती बंद झाली. आता प्रोफेशनल पातळीवर सीसीएनपी एंटरप्राइझसाठी दोन पेपर असतात. एक सगळ्यांसाठी सारखा, ३५०-४०१, १२० मिनिटांचा. दुसरा आपल्या आवडीचा. त्यात डिझाइन निवडलं तर पेपर ३००-४२०, ९० मिनिटांचा. आधीचं कुठलंही सर्टिफिकेट लागत नाही. सर्टिफिकेटची मुदत तीन वर्षं. आणि महत्त्वाचं म्हणजे, उत्तर देऊन पुढे गेलात की त्या प्रश्नाकडे परत येता येत नाही.

या सगळ्याच्या वरच्या टोकाला सीसीडीई आहे. त्याची प्रात्यक्षिक परीक्षा आठ तासांची, आणि त्या आठ तासांत एकही राउटर कॉन्फिगर करायचा नसतो. कागदपत्रं वाचायची आणि निर्णय घ्यायचे. डिझाइनच्या परीक्षेचा स्वभाव इथेच कळतो.

प्रश्न कसा असतो?

मी माझं उदाहरण रचून सांगते. एका कंपनीच्या ४० शाखा आहेत. प्रत्येकीला दोन इंटरनेट लिंक. शाखांना एकमेकींशी थेट बोलायचंय. आयटी टीममध्ये माणसं तीन. पुढच्या वर्षी अजून २० शाखा उघडणार. काय सुचवाल?

पहिला पर्याय, प्रत्येक शाखेपासून प्रत्येक शाखेपर्यंत हाताने टनेल बांधा. ४० शाखांचे टनेल होतात ७८०. ६० शाखा झाल्या की १७७०. तीन माणसं म्हातारी होतील. दुसरा पर्याय, सगळं मुख्य कार्यालयातून फिरवा. सोपं आहे, पण शेजारच्या शाखेशी बोलायलाही आधी मुख्य कार्यालय गाठायचं. तिसरा, डीएमव्हीपीएन: गरज पडेल तेव्हाच दोन शाखांमध्ये थेट टनेल उभा राहतो. चौथा, एसडी-वॅन: सगळ्या शाखांचे नियम एका जागेवरून चालतात आणि दोन्ही लिंक वापरात राहतात.

तीन माणसं आणि वाढत्या शाखा बघितल्या तर चौथा पर्याय बरा. पण प्रश्नात एकच ओळ वाढवा, "नवं काही विकत घ्यायला पैसे नाहीत, असलेलेच राउटर वापरायचे", की उत्तर तिसऱ्याकडे सरकतं. तंत्रज्ञान तेच राहिलं, अट बदलली. ज्याने फक्त कमांड पाठ केल्यात तो इथे अडकतो. ही परीक्षा अटी वाचायची आहे.

मुंबई हीच आपली लॅब

वरचा दुसरा पर्याय आपण मुंबईकरांनी वर्षानुवर्षं जगलाय. मुलुंडहून अंधेरीला ट्रेनने जायचं तर आधी दादरला उतरायचं आणि मग उलटं वर यायचं. सगळा भार एका दादरवर. ८ जून २०१४ ला वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू झाली. ११.४ किलोमीटर, १२ स्टेशनं, आणि मध्य आणि पश्चिम रेल्वे आडव्या जोडल्या गेल्या. नेटवर्कच्या भाषेत ही क्रॉस लिंक. पण संध्याकाळी सातला घाटकोपरला उतरून बघा! दादरची गर्दी कमी झाली असेल, तिचा एक भाग घाटकोपरच्या जिन्यावर आला. नवी लिंक टाकली की ट्रॅफिक रस्ता बदलतं आणि तुंबायची जागाही बदलते. डिझाइन करणाऱ्याने विचारायचं असतं: ही लिंक टाकल्यावर पुढचा घाटकोपर कुठे होणार?

दुसरं उदाहरण अंधेरीचंच. गोखले पूल नव्याने बांधला, त्याची पहिली बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये खुली झाली. आणि सगळ्यांनी पाहिलं की शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी त्याची उंचीच जुळत नाही. दोन्ही पूल आपापल्या जागी उभे, मधे नुसती हवा. जोडणी व्हायला जुलै उजाडला. नेटवर्कमध्ये हे रोज घडतं. कॅम्पसवाल्यांचं डिझाइन बरोबर, वॅनवाल्यांचं बरोबर, आणि दोघांच्या सीमेवर आयपी अ‍ॅड्रेसच एकमेकांवर आदळतात. म्हणून प्रश्न वाचताना जिथे दोन भाग भेटतात, तिथे आधी बोट ठेवायचं.

तिसरं उदाहरण समुद्रातलं. एक लिंक ९९ टक्के वेळ चालते, म्हणजे वर्षात साधारण ८७ तास बंद. तशाच दोन घेतल्या तर हिशेब ९९.९९ टक्क्यांवर जातो, वर्षाला जेमतेम ५३ मिनिटं बंद. पण यात एक अट लपलेली आहे: एक तुटण्याचा दुसरीशी संबंध नको. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन केबल तुटल्या, सी-मी-वी ४ आणि फ्लॅग. दोन्ही मुंबईला येणाऱ्या. नावं वेगळी, वाट जवळजवळ तीच. भारतातलं इंटरनेट रखडलं. आमच्या एका क्लायंटकडेही अशीच दोन कंपन्यांची दोन कनेक्शनं होती, आणि दोन्ही फायबर रस्त्याखालच्या एकाच डक्टमधून. जेसीबीचा एक दात लागला आणि दोन्ही गेली. म्हणून परीक्षेत "दोन लिंक आहेत" असं वाचलं की लगेच खूश होऊ नका. त्यांचा रस्ता, त्यांची वीज, त्यांचा राउटर वेगळा आहे का, ते शोधा.

वेळ कुठून आणायचा?

अभ्यासाचं वेळापत्रकसुद्धा डिझाइनच असतं. आधी अटी लिहा, मग आराखडा. माझ्या अटी अशा: तीन आठवड्यांतला एक रात्रपाळीचा, घरात एकच खोली, आईची औषधं माझ्याकडे. मी १६ आठवडे धरले. दिवसपाळी आणि दुपारपाळीच्या ११ आठवड्यांत आठवड्याला आठ तास, म्हणजे ८८. रात्रपाळीच्या पाच आठवड्यांत तीनच तास आणि तेही फक्त उजळणी, म्हणजे १५. एकूण १०३. शंभर तास हातात आहेत हे कळलं की छातीवरचं अर्धं ओझं उतरतं.

मग ते शंभर तास विषययादीप्रमाणे वाटले. मी अभ्यास केला तेव्हा रूटिंग आणि अ‍ॅड्रेसिंगला २५ टक्के, कॅम्पसला २५, वॅनला २०, नेटवर्क सर्व्हिसेसना २०, ऑटोमेशनला १० असं वजन होतं. तसेच तास दिले. तुम्ही बसाल तेव्हाची यादी अधिकृत साइटवर बघून घ्या. आवडता विषय जास्त तास खातो, त्याच्यावर लक्ष ठेवा.

ट्रेनमध्ये लॅब होत नाही. मुलुंड ते घाटकोपर उभ्याने फक्त ऐकायचं. मेट्रोत एक प्रश्न मनात सोडवायचा. रात्रीच्या ऑफिस कॅबमध्ये जेव्हीएलआरवर मी चक्क झोपायचे. तीही अभ्यासाचीच सोय.

आणि नोकरी? तीच सगळ्यात जाड पुस्तक होती. रोज एका तिकिटाखाली वहीत तीन ओळी लिहायच्या. काय बंद पडलं? का पडलं? डिझाइन कसं असतं तर ग्राहकाला कळलंही नसतं? शंभर तिकिटांनंतर परीक्षेतले प्रश्न ओळखीचे वाटायला लागतात. क्लायंटची नावं आणि आयपी मात्र वहीत नकोत.

डंप्सचं काय?

टाळून चालणार नाही, कारण प्रत्येक ऑफिसच्या ग्रुपवर ती पीडीएफ फिरत असते. मोह का होतो तेही मला माहितीये. डिझाइनच्या पेपरची फी ३०० डॉलर, वर कर. नव्याने लागलेल्या कित्येकांचा महिन्याचा पगार त्यात जातो. नापास झालात तर पुन्हा पूर्ण फी, आणि बऱ्याच कंपन्या पैसे परत देतात ते पास झाल्यावरच. त्यामुळे "एकदाच काय ते निघून जाऊ दे" असं वाटणं स्वाभाविक आहे.

पण दोन गोष्टी लक्षात घ्या. नियमांप्रमाणे ही फसवणूक आहे, सापडलात तर सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं. आणि समजा नाही सापडलात. मुलाखतीत समोरचा मार्कर हातात देऊन म्हणतो, "आमच्या शाखा अशा आहेत, काढा डिझाइन." तुम्ही काढता. तो विचारतो, "हेच का?" पीडीएफमध्ये उत्तर असतं, "का" नसतं. ज्या डिझाइन टीममध्ये जायला आपण ही परीक्षा देतो, तिथला रोजचा पगार त्या "का"चाच आहे.

म्हणून फी भरायची घाई करू नका. आधी या आठवड्यात एवढंच करा. तुमच्या ऑफिसचं नेटवर्क आठवणीतून कागदावर काढा. प्रत्येक लिंकच्या शेजारी ती तिथे का आहे ते एका ओळीत लिहा. जिथे कारण सुचत नाही तिथे प्रश्नचिन्ह टाका आणि सीनियरला चहाच्या वेळी विचारा. जेवढी प्रश्नचिन्हं, तेवढा तुमचा अभ्यासक्रम. तो कागद दोन-तीन प्रश्नचिन्हांवर आला की मग परीक्षेची तारीख घ्या.

भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि रात्रपाळी असेल तर आधी झोप घ्या!