न दिसणारा सांधा

फेब्रुवारी 2016 मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेले विमान मांडले. तेव्हापासून घरी विमान बांधता येते, ही गोष्ट मराठी वाचकाला नवी राहिलेली नाही. ते विमान धातूचे. पत्रा चिरला, रिव्हेट ढिला झाला, तर तो बहुधा डोळ्यांना दिसतो.

परदेशातले हौशी लोक मात्र दुसऱ्या जातीची विमानेही बांधतात: काचेचे किंवा कार्बनचे कापड राळेत भिजवून केलेली, म्हणजे कंपोझिट. बर्ट रुटान यांच्या 1975 साली उडालेल्या 'व्हेरीईझी'ने ही वाट रुळवली. आता कारखाने साच्यातून काढलेले तयार भाग पेटीत घालून पाठवतात. यालाच किट म्हणतात. घेणारा ते घरी चिकटवतो. इथे खरा प्रश्न उभा राहतो: सांधा पक्का झाला की नाही, हे नंतर कसे कळणार?

याचा धडा मला जानेफळातच मिळाला. घरच्या कूलरच्या फायबर टाकीला तडा गेला, म्हणून मी आतून ठिगळ लावले. टाकी घासायचा कंटाळा केला, फडक्याने नुसती पुसली. ठिगळ कडक झाले. नाण्याने ठोकले तर आवाजही खणखणीत. मे महिन्यात ते अख्खे सुटून हातात आले. ठिगळ मजबूत, टाकी मजबूत. सांधा मात्र कधी झालाच नव्हता.

विमानातही हेच होऊ शकते. सांध्यात पोकळी राहिली तर ठोकल्यावर बद्द आवाज येतो, अल्ट्रासाउंडमध्येही ती सापडते. पण दोन पृष्ठभाग नुसते टेकलेले असतील, तर त्या सांध्याची ताकद तो न मोडता मोजण्याची खात्रीची पद्धत अजून नाही. आणि कारणे किती क्षुल्लक! साच्याला लावलेल्या मेणाचा अंश राहतो. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो धुऊन, घासून काढला नाही तर पुढचा थर धरत नाही. आपले फायबरवाले पॉलिएस्टर राळेत हार्डनर कमी-जास्त करून घट्ट होण्याचा वेळ साधतात. इपॉक्सीत तीच सवय घातक. प्रमाण चुकले की ती कच्चीच राहते.

दोष कारखान्यातही राहतो. दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश 'मॉस्किटो' लाकडी भाग चिकटवून केलेले होते. 1944 च्या अखेरीस पूर्वेकडच्या आघाडीवर त्यांचे अपघात झाले. प्रथम खापर फुटले ते इथल्या हवामानावर. पुढच्या तपासात, पावसाळा कधीच न पाहिलेल्या विमानांतही तसेच सदोष सांधे सापडले.

म्हणून कंपोझिटची परीक्षा काम चालू असतानाच घ्यावी लागते. राळेची खेप, वजन, तापमान, हवेतला दमटपणा, पृष्ठभाग कोणी व कसा घासला, हे सारे त्याच दिवशी वहीत उतरवायचे. त्याच राळेचा एक तुकडा वेगळा करून मोडून पाहायचा. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंग 787 साठी कंपोझिट तुळया बनल्या. अशा उद्योगाचा पाया ही नोंदच असते. घरी बांधणाऱ्याला तराजू आणि वही परवडतेच. मात्र किटमधले जे सांधे कारखान्यातच बंद होऊन येतात, त्यांची नोंद त्याने पैसे देण्याआधी मागितली पाहिजे.

माझ्या ठिगळाची वही नव्हती. पाणी सांडले, एवढ्यावर निभावले.