मांजराचा मधुमेह : साखर स्थिर कशी ठेवावी

मांजराला मधुमेह होतो असं मी म्हटलं, तर तुमच्यापैकी काहींना हसू येईल. जिथं माणसांच्याच औषधपाण्याची ओढाताण, तिथं मांजराच्या रक्तातली साखर कोण बघत बसणार? तीन वर्षांपूर्वी मीही असंच म्हणालो असतो. पण आमच्या घरच्या सोन्या नावाच्या अकरा वर्षांच्या बोक्याने या विषयात मला विद्यार्थी बनवलं. मी डॉक्टर नव्हे. कॉलेजात इतिहास शिकवणारा माणूस. औषध कोणतं आणि डोस किती, हे पशुवैद्यकानेच ठरवायचं. मी सांगणार आहे ते त्याच्या पुढचं. औषध घरी आणल्यावर साखर आज वर, उद्या खाली अशी का पळते आणि ती जागेवर ठेवण्यासाठी घरच्या माणसांनी काय करावं, एवढाच माझा विषय.

रोग प्रथम ओळखला तो माझ्या आईने. सोन्या अंगणातल्या बादलीवर जाऊन घटाघटा पाणी पिऊ लागला. खाणं दुप्पट झालं, पण पाठीची हाडं वर आली. उडी मारायला कचरू लागला आणि मागचे पाय टाचेवर टेकून चालू लागला. एके दिवशी आई म्हणाली, “अरे, हा मोरीत मुततो तिथं मुंग्या लागतायत. तुझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं.” आपल्या जुन्या वैद्यांनी या रोगाला मधुमेह हे नाव दिलं ते काही उगीच नव्हे. तालुक्याला नेऊन रक्त तपासलं, आणि आईचं निदान बरोबर निघालं.

शरीरात होतं काय, ते शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो. पाटाला पाणी भरपूर आहे, पण दारं धरायला माणूस नाही. मग वाफे कोरडे राहतात आणि पाणी पाट फुटून वाया जातं. रक्त हा पाट, साखर हे पाणी आणि इन्सुलिन हा दारं धरणारा माणूस. निरोगी मांजराच्या रक्तात साखर साधारण ७० ते १५० असते. ती २५० ते ३०० च्या पुढे गेली की लघवीतून वाहू लागते, आणि जाताना शरीरातलं पाणी घेऊन जाते. म्हणून ती तहान, आणि म्हणून ती भूक. लठ्ठ, खच्चीकरण केलेल्या, वयस्क बोक्यांना हा रोग अधिक होतो. खाजेसाठी वा सुजेसाठी वारंवार दिलेली स्टेरॉइडची इंजेक्शनंही त्याला कारण होऊ शकतात.

यावर मुख्य औषध इन्सुलिनच. ते १९२१ साली कॅनडातल्या टोरांटो इथं बॅंटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून मिळवलं, आणि जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम एका मुलाला टोचलं गेलं. पुढे कित्येक वर्षं माणसाचं इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत असत. तेव्हा या औषधाच्या बाबतीत आपणच जनावरांचे देणेकरी आहोत.

आता माझी चूक सांगतो. डॉक्टरांनी सोन्याला सकाळी एक आणि संध्याकाळी एक युनिट इन्सुलिन सांगितलं होतं. दहा दिवसांनी पिशवीत घालून, दोन तास एस. टी. चा प्रवास करून त्याला पुन्हा दाखवायला नेलं. साखर निघाली ३९०! माझा चेहरा पडला. डॉक्टर म्हणाले, “घाबरलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीनेही चढते. डोस तोच ठेवा. आठवडाभर घरी मोजा, मग बघू.” मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी साखर ३१० दिसली आणि मला राहवलं नाही. एकाचे दोन युनिट केले. तिसऱ्या दिवशी २९०. दोनाचे तीन केले. त्या रात्री अडीच वाजता आईने हाक मारली. सोन्या खाटेखाली पडला होता. मान डुलत होती, मागचे पाय फरशीवर घसरत होते, नजर कुठंच नव्हती. यंत्राने आकडा दाखवला ४१.

आईने फडताळातली मधाची बाटली काढली आणि बोटाने त्याच्या हिरड्यांवर मध चोळत बसली. मी डॉक्टरांना फोन लावला. वीस मिनिटांनी सोन्याने मान उचलली, थोड्या वेळाने खाल्लंही. आणि गंमत अशी, की सकाळी तीच साखर ३७० वर गेली! साखर फार उतरली की शरीर घाबरून आपल्या साठ्यातली साखर रक्तात सोडतं, शिवाय मध पोटात गेलेला. मला हे ठाऊक नसतं तर मी त्या ३७० कडे बघून डोस आणखी वाढवला असता आणि बोका गमावला असता.

श्रोतेहो, या विषयातली मुख्य गोष्ट हीच. चढलेली साखर शरीराची हानी करते, पण ती दिवसा-आठवड्यांनी. उतरलेली साखर काही तासांत जीव घेते. म्हणून एका आकड्याच्या मागे धावायचं नाही. इन्सुलिनचा डोस बदलला की शरीराला त्याची सवय व्हायला काही दिवस जातात. बहुतेक डॉक्टर पाच-सात दिवस थांबतात, आणि मग अर्ध्या युनिटाने पुढे-मागे करतात. फार उतरलेली साखर दिसली तर मात्र थांबायचं नाही. लगेच विचारायचं आणि डोस कमी करून घ्यायचा.

मग साखर स्थिर कशी राहावी? मी कामं क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट वेळ. दोन इंजेक्शनांत बारा तासांचं अंतर हवं. आमच्याकडे सकाळी सात आणि संध्याकाळी सात. आधी मांजर खातं की नाही ते बघायचं, मग सुई. त्याने अन्नाला तोंड लावलं नाही किंवा उलटी केली, तर पूर्ण डोस टोचू नका, डॉक्टरांना विचारा. आणि डोस एकाच माणसाने द्यावा. एकाने दिलेला दुसऱ्याला ठाऊक नाही म्हणून दोनदा टोचलं गेलं, असं घरोघरी घडू शकतं.

दुसरी गोष्ट सुई. शिक्षकांनी फळ्यावर घालावं असं हे गणित आहे. इन्सुलिनच्या बाटलीवर ४० किंवा १०० असा आकडा असतो; एका मिलिलिटरमध्ये इतकी युनिटं, असा त्याचा अर्थ. सिरिंजही त्याच आकड्याची लागते. आपल्याकडे ४० च्या सिरिंजची टोपी बहुधा लाल असते, १०० ची नारिंगी. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये एका खुणेपर्यंत भरलं, तर जातं किती? एक नव्हे, अडीच युनिट. मांजरासारख्या चार-पाच किलोच्या जिवाला हा फरक मरणाचा ठरू शकतो. म्हणून टोपीच्या रंगावर न जाता आकडा वाचून बघावा. टोचताना कातडी चिमटीत उचलावी आणि रोज जागा थोडी बदलावी. औषध आत गेलं की केसांवर सांडलं अशी शंका आली, तरी पुन्हा टोचू नये. एक वेळ साखर चढलेली परवडते. घरात आजोबांचं इन्सुलिन असेल तर तेच चालेल असं समजू नका. इन्सुलिनमध्येही जाती आहेत. साखरेच्या गोळ्याही आपल्या मनाने देऊ नयेत.

तिसरी गोष्ट औषधाची साठवण. इन्सुलिन उन्हाने बिघडतं, गोठलं तरीही बिघडतं. फ्रीजमध्ये ठेवावं, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. जिथं वीज तासन्‌तास जाते तिथं बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, ओल्या वाळूत बसवलेल्या मडक्यात ठेवावी. डोस बरोबर असूनही साखर चढतीच राहिली, तर आधी बाटलीवर संशय घ्यावा.

चौथी गोष्ट खाणं, आणि आमच्या घरात सर्वांत अवघड गेली ती हीच. मांजर जातीने मांसाहारी. पिठूळ पदार्थांचं ओझं त्याच्या शरीराला पेलत नाही. आपण मात्र प्रेमाने दूध-भात आणि दूध-पोळी घालतो. आईने अकरा वर्षं तेच केलं होतं. डॉक्टरांनी मांस-मासळीचं प्रमाण अधिक आणि पिष्ट कमी असलेलं खाणं लिहून दिलं, तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही. बाजारच्या कोरड्या दाण्यांतही बहुधा पिष्ट बरंच असतं. ओलं, डब्यातलं खाणं पुष्कळदा बरं. नुसतं उकडलेलं मांसही पुरं पडत नाही, त्यात इतर द्रव्यं कमी पडतात. इथं एक धोका लक्षात ठेवा. भात बंद केला की साखर झपाट्याने उतरते, आणि जुनाच डोस एकाएकी जास्त ठरतो. खाणं बदलायचं ते डॉक्टरांना सांगून आणि घरी मोजत मोजतच. शिवाय मांजर शेजारी जाऊन काय खातं तेही बघावं लागतं. आमच्या साखरेचे चढउतार दोन आठवडे समजत नव्हते. शेवटी शेजारच्या काकूंच्या ओसरीवर दुधाची बशी सापडली.

पाचवी गोष्ट मोजणी. माणसांचं साखर मोजायचं यंत्र चालतं, मात्र मांजराच्या रक्तात ते खऱ्यापेक्षा थोडा कमी आकडा दाखवण्याचा संभव असतो. म्हणून नेहमी एकच यंत्र वापरावं आणि ते कोणतं हे डॉक्टरांना सांगावं. कोमट फडक्याने कान शेकावा, कानाच्या कडेला बारीक टोचून थेंब घ्यावा, आणि लगेच आवडीचा घास द्यावा. आठ दिवसांत मांजराला सवय होते. डोस देण्यापूर्वीचा आकडा रोज घ्यावा. डॉक्टरांनी सांगितलं, तर सुट्टीच्या दिवशी दर दोन तासांनी बारा तास मोजावं. दिवसातली सर्वांत खालची साखर कुठवर जाते, हे त्यातून कळतं. डोस ठरतो तो मुख्यतः त्यावरून.

हे सगळं एका वहीत लिहावं. तारीख, वेळ, साखर, डोस, खाणं, पाणी. हजेरीपटासारखी वही. महिनाभराची वही जे सांगते ते एका दिवसाचा आकडा सांगत नाही. वही नीट असूनही साखर पळतच राहिली, तर दातांचा पू, लघवीचा दाह किंवा दुसरा एखादा रोग दडला आहे का, ते डॉक्टरांनी शोधायचं. आणि मांजर खाईना, उलट्या करू लागलं, मलूल होऊन श्वासाला गोडसर, सडक्या फळासारखा वास येऊ लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ती चढलेल्या साखरेची शेवटची पायरी असते.

साखर उतरल्याची लक्षणं घरातल्या पोरासोरांनाही शिकवून ठेवावी : एकाएकी अधाशी भूक, झोकांड्या, थरथर, शून्य नजर, आकडी. आकडा ६० च्या खाली असेल आणि मांजर शुद्धीवर असेल, तर आधी खायला द्यावं. ते जमेना, तर मध किंवा साखरेचं पाणी बोटाने हिरड्यांवर चोळावं. घशात ओतू नये, ते श्वासनळीत जातं. आकडी येत असेल तर दातांमध्ये बोट घालू नये. ओठ बाजूला करून बाहेरून लावावं आणि तडक डॉक्टरांकडे न्यावं. सावध झाल्यावर खाऊ घालावं, पुन्हा मोजावं, आणि पुढचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

शेवटी एक आशेची गोष्ट. माणसाचा मधुमेह बहुधा जन्माचा सोबती होतो; मांजराचं तसंच असेल असं नाही. रोग लवकर कळला, खाणं बदललं, साखर नीट राहिली, तर काही मांजरांचं स्वादुपिंड पुन्हा कामाला लागतं आणि इन्सुलिन सुटतं. पण हे सुधारणं हळूहळू, न सांगता होतं. कालचा योग्य डोस आज जास्त होतो. म्हणून बरं वाटू लागल्यावर मोजणी सोडायची नाही.

आमच्या सोन्याचं इन्सुलिन सुटलेलं नाही. सध्या तो सकाळी अर्धा आणि संध्याकाळी अर्धा युनिट घेतो, टाचा उचलून चालतो, आणि मोरीत मुंग्या नाहीत. पावणेसात वाजले की आई वही आणि चष्मा घेऊन बसते. मधाची बाटली आता फडताळात नसते; फ्रीजच्या वर, हाताशी असते.