काजवा चमकतो, रातकिडा किरकिरतो, फरक काय?

कॉटन ग्रीनच्या गोदामांमागे पावसाळी रात्री रातकिड्याची किरकिर ऐकू येऊ शकते. काजव्यांसाठी मात्र मे-जूनमध्ये भंडारदरा, पुरुषवाडीचे जंगल गाठावे लागते.

काजवा : हा भुंगेऱ्यांच्या गटातला कीटक. अंडी, अळी, कोष, प्रौढ असे चार टप्पे. पोटातील ल्युसिफेरिनचा ऑक्सिजनशी संयोग होऊन थंड प्रकाश पडतो.

रातकिडा : कोषावस्था नाही. नर पुढचे पंख एकमेकांवर घासून आवाज काढतो. कान पुढच्या पायांवर!

दोघांचा हेतू एकच, जोडीदाराला बोलावणे. पण शहरी झगमगाटात काजव्याचा इशारा दिसतच नाही. जोडी जमत नाही, संख्या घटते. त्यामुळे काजवे पाहताना टॉर्च, फ्लॅश बंद ठेवा. पायवाट सोडू नका; त्यांची अंडी मातीत असतात.