खारे पाणी आणि शिष्यवृत्ती

सोनाळ्याहून पूर्णेकडे उतरावे तसतसे विहिरींचे पाणी खारट होत जाते. हाच आमचा खारपाणपट्टा! हरयाणात जमिनीतल्या खाऱ्या पाण्यात कोळंबी पोसतात. वर्सोव्याला १९६१ साली निघालेल्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेच्या रोहतक केंद्राने त्यावर संशोधन केले. अशा पाण्यात पोटॅशियम कमी. ते पोटॅश घालून भरून काढायचे, ही त्यातली खुबी. आमच्या विहिरींत हे जमेल का? मत्स्यशास्त्राच्या एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने तपासावे. पण खर्च कोण देणार? मत्स्यखाद्याचा कारखानदार खाद्याच्याच संशोधनाला पैसा देईल, आणि त्यात गैर काय? खारट विहिरीला मात्र गिऱ्हाईक नाही! २०१९ पासून कंपन्यांना सामाजिक दायित्वाचा निधी सरकारी विद्यापीठांतील विज्ञानसंशोधनालाही देता येतो. त्यातून एक शिष्यवृत्ती या पट्ट्यासाठी निघावी, असा अर्ज मी, मराठीचा मास्तर, लिहायला घेतला आहे.